तांब्यावरचं फुलपात्र

"ते सगळं ठीक हाय, पण घोडा कुणाच्या मागं चालणार?" शंकरप्पांनी पुन्हा तेच विचारलं.

प्रश्न रास्त होता. उदगीरच्या त्या गल्लीत नवरदेव घोड्यावर बसून तयार होता, फेट्याखाली घामाघूम झालेला. आणि त्याच्यापुढे वाजवायला नांदेडहून आलेली चार माणसं भर रस्त्यात सतरंजी अंथरून तिच्यावर ड्रम मांडत होती. नवरदेव म्हणजे बँडमधल्या गिटारवाल्या शिवांशचा कॉलेजातला मित्र. वरातीत डीजे नको, आपल्या मित्रांचा रॉक बँड पाहिजे, असा हट्ट त्याने धरला होता आणि बापाने, म्हणजे कापडाचे व्यापारी शंकरप्पांनी, तो पुरवला होता. फक्त हा बँड एका जागी बसून वाजवतो, हे बापाला सांगायचं तेवढं पोरगा विसरला होता.

"ह्ये गळ्यात अडकवता येत न्हाई का?" शंकरप्पांनी मोठ्या ड्रमकडे बोट दाखवलं.

"न्हाई, अप्पा," ड्रम वाजवणारा मन्मथ म्हणाला. "पायानं वाजतंय ते."

"पाय वाजवण्यात गुतले तर चालणार कशानं?"

शंकरप्पा खाली वाकले, ड्रमच्या तोंडावर लाल रंगात लिहिलेलं बँडचं नाव त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. "भूकंप? शुभकार्याला?" त्यांनी कुणालातरी हाक मारून झेंडूचा हार मागवला आणि तो त्या अक्षरांवर घातला. मन्मथने हार नीट बसवायला मदत केली. शंकरप्पांपेक्षा जरा जास्तच मनापासून केली.

शेवटी कामाला आली ती मन्मथची व्हॅन. सोमवार ते शुक्रवार ही पिवळी व्हॅन नांदेडच्या पोरांना शाळेत नेऊन सोडायची आणि शनिवार-रविवारी तिच्यात 'भूकंप'चं बिऱ्हाड असायचं. खिडक्यांना गज, पाठीवर ठळक अक्षरांत 'शालेय वाहतूक'. मागचं दार उघडून ड्रम आत चढवले, मन्मथ घोड्याकडे तोंड करून बसला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मग लक्षात आलं की चौघांत गाडी चालवता येणारा माणूसही मन्मथच आहे.

तेव्हा हरिओम स्टिअरिंगला बसला. एरवी तो मोबाइल दुरुस्त करायचा आणि बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. गाडीतला त्याला फक्त हॉर्न कळायचा. इंजिन बंदच ठेवलं. नवरदेवाच्या मामांनी आणि मावसभावांनी दोन्ही बाजूंनी खिडक्यांचे गज धरले आणि वरात ढकलायला घेतली. दामिनी पुढच्या खिडकीतून अर्धी बाहेर निघून गात होती, शिवांश टपावर बसून गिटार बडवत होता. झांज कडाडली की घोडा दोन पावलं मागे जायचा, मामा लोक व्हॅन पुढे न्यायचे, आणि नवरदेव व वाजंत्री यांच्यातलं अंतर वाढतच चाललं. ओट्यावरच्या एका म्हातारीने मागची पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि विचारलं, "नवरदेव शाळेतच हाय का अजून?"

जेवणाच्या पंगतीत शंकरप्पांनी स्वतः येऊन जिलेबी वाढली. "मुहूर्त टळता टळता ऱ्हायला," ते म्हणाले. "पण आमच्या गल्लीनं असं कवा बघितलं नव्हतं." ही तक्रार होती की शाबासकी, हे त्या चौघांना कळलं नाही. त्यांनी ती शाबासकी धरली.

'भूकंप'चे दौरे हे असे. लातूरला एका क्लासने गुणवंतांच्या सत्काराला बोलावलं, तेव्हा तर वेगळीच कळा. ड्रम जोडून झाले आणि सर हळूच येऊन म्हणाले, "आवाज तेवढा कमी ठेवा. वरच्या मजल्यावर टेस्ट चालू आहे." रॉक बँडला आवाज कमी करा म्हणणं म्हणजे हलवायाला साखर वगळ म्हणण्यातलाच प्रकार. पण बोलावलं होतं आणि नाश्ताही झाला होता. मन्मथने प्रत्येक ड्रमवर टॉवेल टाकला, हरिओमने गिटारची वायर काढून ठेवली, दामिनीने बंडाचं गाणं अंगाईसारखं म्हटलं. पोरांनी टाळ्या न वाजवता नुसते हात हलवले. वरच्या खिडकीतून एका मुलाने डोकं काढून पुन्हा म्हणा अशी खूण केली, तेवढ्यात कुणीतरी त्याला कॉलर धरून आत ओढलं.

त्या दिवशी सगळ्यांची चिडचिड झाली, एकटा मन्मथ मजेत होता. हळू वाजवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते शिक्षण त्याला घरातच मिळालं होतं.

मन्मथचं गाव किल्लारी. तो जन्मला तेव्हा जुनं किल्लारी उरलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा तो पोटात होता. त्या रात्री उकाड्याने जीव घाबरला म्हणून त्याची आई अंगणात येऊन पडली होती आणि आत तिचा नवरा आणि चिमुकली लेक मंजुश्री झोपले होते. दगडामातीचं घर. पहाटे ते कोसळलं. यापुढचं शरणम्माने मुलाला कधी सांगितलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

नव्या गावठाणात सगळ्यांना पक्की घरं मिळाली, तसं शरणम्मालाही मिळालं. पण स्लॅबखाली ती एक दिवसही झोपली नाही. अंगणात घराच्या भिंतीला लागून पत्र्याचं शेड ठोकून घेतलं आणि तिथेच संसार मांडला. सुरुवातीला गावात पुष्कळ जण तसेच राहायचे. पुढे एकेक जण पक्क्या घरात गेला. ती गेली नाही. घरात ज्वारीची पोती राहायची. रास झाली की शरणम्मा उंबऱ्याशी बसून पायलीने धान्य मोजायची. पहिल्या पायलीला गावच्या रिवाजाप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आणि भरलेली पोती सालगड्याकरवी आत टाकायची.

शेडात तिच्या उशाला लोखंडी पेटी होती, पेटीवर पितळी तांब्या आणि तांब्याच्या तोंडावर तिरकं टेकवलेलं फुलपात्र. त्या तांब्यात तिने कधी पाणी भरलं नाही. पाणी भरलं की आवाज बसतो. जमीन जराशी हलली तरी फुलपात्र वाजावं आणि आपल्याला कळावं, एवढ्यासाठी ते होतं.

मन्मथचे हात लहानपणापासून शिवशिवायचे. ताट, डबा, पाटी, जे समोर येईल त्यावर तो ठेका धरायचा. मग पेटीवर फुलपात्र किणकिणायचं आणि शरणम्मा हातातलं टाकून त्याला काखोटीला मारून बाहेर पळायची. बाहेर गेल्यावर तिला कळायचं. ती रागावायची नाही. नुसती खाली बसायची आणि तिची छाती भात्यासारखी हलत राहायची. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मन्मथला मोठेपणीही वाटे. तो गोधडीवर वाजवायला शिकला.

नांदेडला पोट भरायला गेल्यावर त्याला खरे ड्रम मिळाले आणि ड्रमबरोबर बँडही मिळाला. नाव आधीच ठरलेलं होतं. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेला शिवांश आणि त्याचे सवंगडी भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेले; त्यांच्यासाठी तो एक दणकट शब्द होता, बस्स. नाव बदला असं म्हणायला मन्मथची जीभ रेटली नाही. म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. अव्वाला, आईला तो अव्वाच म्हणे, त्याने एवढंच सांगितलं होतं की मी गाण्याच्या पार्टीत आहे. "बरं हाय," ती म्हणाली होती.

दामिनीचे वडील रेल्वेच्या ऑफिसातून सुटून थेट कार्यक्रमाला यायचे आणि पहिल्या रांगेत बसून झोपायचे. तरी यायचे. मन्मथला त्या झोपलेल्या माणसाचाही हेवा वाटायचा. अव्वाने आपल्याला एकदा, फक्त एकदा, वाजवताना ऐकावं, ही त्याची एकुलती इच्छा होती आणि ती होण्यातली नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग रेकॉर्डिंगचं निघालं. पुण्यात नव्या बँडांचा एक मोठा कार्यक्रम होणार होता. त्यासाठी स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करून पाठवायची होती. नांदेडमध्ये स्टुडिओ सापडला. तिथे एरवी भजनं आणि निवडणुकीची गाणी होत. खोली एवढीशी, की ड्रम आत गेले तर मन्मथ मावेना आणि मन्मथ गेला तर ड्रम मावेनात. ड्रम गच्चीवर मांडले, माइकची वायर खिडकीतून सोडली. गाणं रंगात आलं आणि खालून भंगारवाल्याची आरोळी आली, ती नेमकी सुरात. दामिनीचं म्हणणं, ती तशीच ठेवू. मग विष्णुपुरीला शिवांशच्या भाड्याच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा इसम होता. तो दारात येऊन हात जोडून उभा राहिला. त्याच्याकडे बघूनच त्यांनी गाद्या उतरवल्या.

"आपल्याला रिकामं घर पाहिजे यार," परतताना शिवांश व्हॅनमध्ये वैतागून म्हणाला. "पक्कं. जाड भिंतीचं. आतमध्ये कुणी राहत नसेल असं."

"आमचं हाय," मन्मथ म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली.

फोनवर अव्वाला त्याने सांगितलं, गाण्याची पोरं येतील, आतल्या घरात बसतील. "बसू देत की," ती म्हणाली. "मी कुठं तिथं असते. रविवारी मला तुरीकडं जायचंय." मन्मथने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. ती शेतात असेल तोवर उरकून घेऊ, ड्रम गाडीत भरू, तिला कळायचंही नाही.

पण रविवारी व्हॅन अंगणात थांबली तेव्हा शरणम्मा शेडाच्या दारात उभी. पाहुणे येणार म्हणून ती शेतात गेलीच नव्हती. "तुरी कुठं पळून चालल्यात?" ती म्हणाली. "बसा. भाकरी टाकते. शेंगाची चटणी खाताव ना गं, पोरी?"

आता काय करावं हे मन्मथला सुचेना. ड्रम आत नेताना त्याने नाव दिसू नये म्हणून मोठ्या ड्रमवर टॉवेल टाकला. पोती भिंतीकडे सरकवली. हरिओमने माइक लावले, हेडफोन चढवले आणि कानावरचा हात काढत म्हणाला, "दादा, असली खोली नांदेडात शोधून मिळायची न्हाई."

पहिल्यांदा मन्मथ लातूरसारखा वाजवत होता, टिचक्या मारल्यागत. शिवांशने गिटार थांबवली. "दादा, काय लावलंय? इथं कुणाची टेस्ट हाय का? आज पोट भरून वाजव."

मन्मथने दाराकडे बघितलं. शेडातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. वन, टू, थ्री, फोर म्हणून त्याने सुरुवात केली, ती बेतानेच; पण दामिनीचा आवाज त्या भिंतींत असा काही भरला की त्याचे हात त्याच्या ताब्यात राहिले नाहीत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपराखाली तो जन्मात पहिल्यांदा मनासारखं वाजवत होता. सगळं विसरला. त्याच्या हातून घडलेली चूक म्हणायची तर एवढीच.

"ऊठ! बाहेर! बाहेर चला!"

पिठाने भरलेल्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. शरणम्मा आत होती. ज्या घरात ती पोती ठेवायलाही पाऊल टाकत नसे, त्या घरात ती स्लॅबखाली धावत आली होती. दुसऱ्या हाताने तिने दामिनीचा दंड पकडला आणि दोघांना ओढत अंगणात, लिंबाच्या झाडाच्याही पलीकडे नेऊन उभं केलं. शिवांश आणि हरिओम काही न कळून मागे धावले. हरिओमच्या कानाला हेडफोन तसेच होते.

गल्ली शांत होती. कोंबड्या दाणे टिपत होत्या. शेजारचे आप्पासाहेब कुंपणावरून डोकावले. "काय झालं, शरणम्मा?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणीच धावत नव्हतं. मग तिने मुलाच्या हातातल्या काठ्या बघितल्या.

"तू वाजवायलास व्हय," ती म्हणाली आणि खाली बसली.

"चुकलं, अव्वा," मन्मथ म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि तो ते लपवत नव्हता. "भरतो आम्ही सामान. चुकलं माझं."

श्वास जागेवर आल्यावर तिने डोळ्यांवर हात धरून उघड्या दारातून आत बघितलं. धावपळीत टॉवेल पडला होता. "भू... कं... प," तिने एकेक अक्षर जुळवलं.

शिवांशला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मावशी, आम्हाला माहीत नव्हतं... आम्ही नाव बदलतो. आजच बदलतो."

"कशाला?" शरणम्मा म्हणाली. "आमच्या गावाला सारी दुनिया त्याच नावानं वळखती. आमी गावाचं नाव बदललं का?" मग ती मन्मथकडे वळली. "पर तुमचा ह्यो भूकंप तसा न्हाई. मी भाकरी थापत व्हते, तर माझा हात तुझ्या मागनं मागनं चालाय लागला. मला बरं वाटलं. मग तेवढ्यात फुलपात्र वाजलं आन् पाय आपोआप उठले." ती जरा थांबली. "सुरू करायच्या आधी तू कायतरी म्हनलास. ते काय व्हतं?"

"मोजायचं असतं, अव्वा. आता सुरू होणार म्हणून सगळ्यांना सांगायचं."

"सांगून सुरू करताव." तिने पदराने हाताचं पीठ पुसलं. "त्या पहाटंच्या भूकंपानं सांगितलं न्हाई. नुसतं चार मोजून आला असता तरी मी पोरीला उचलली असती."

मन्मथने हे तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दामिनी तिच्याजवळ मातीत बसली.

"भाकरी करपली असंल," शरणम्मा उठत म्हणाली. "जावा, वाजवा. आन् मोठ्यानं सांग, मला शेडात ऐकू आलं पायजे. सांगून आलं की मानूस भीत न्हाई."

मन्मथने मोठ्याने सांगितलं. घसा फोडून सांगितलं. गाणं सुरू झालं, चांगलं चाललं, आणि हरिओमने हात वर केला. "कुठंतरी किणकिण येतीय."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे शेड होतं आणि शेडात ती पेटी होती. ते फुलपात्र काढून ठेवा, असं त्या बाईला सांगायची कुणाची छाती होती? "राहू दे, छान वाटतंय," दामिनी पुटपुटली.

पण शेडात ऐकू गेलं होतं. थोड्या वेळाने शरणम्मा दारात आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात फुलपात्र. तांब्या काठोकाठ भरलेला होता. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, वर स्लॅबकडे नजर टाकली, जशी एखाद्या जुन्या भांडखोर सोयऱ्याकडे टाकावी, आणि आत आली. तांब्या जमिनीवर ठेवला. ज्वारीच्या एका पोत्यावर बसली. फुलपात्र मांडीवर घेतलं.

"आता न्हाई वाजायचं," ती म्हणाली. "सांग."

मन्मथने काठ्या उचलल्या. तोंड उघडलं. आवाज फुटेना. शिवांश, दामिनी, हरिओम त्याच्याकडे बघत होते, मशीनवरचा लाल दिवा लागलेला होता, आणि त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर येईना.

पोरगा विसरला, असं शरणम्माला वाटलं असावं. ज्वारीच्या पोत्यावर बसून दुसरं कसं मोजायचं, ते तिला माहीतही नव्हतं.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. चार."

मन्मथने पोट भरून वाजवलं. भिंती घुमल्या, जमीन पायाखाली हलली, तांब्यातलं पाणी थरथरायला लागलं. शरणम्माने ते बघितलं. मग तिने फुलपात्र त्यात बुडवलं आणि स्लॅबखाली बसून सावकाश पाणी प्यायली.